बुरुलच्या आवारातला चिखल

बुरुल घसरून पडली ती सकाळी नवाच्या सुमाराला, आणि जुमादिलला ते कळलं साडेदहाला. मधला दीड तास ती कोंबड्यांच्या आवारात चिखलात आडवी पडून होती. हाका मारून मारून तिचा घसा बसला. जुमादिल तेव्हा पलीकडच्या गल्लीत डॉमिनो खेळत होता आणि जिंकत होता.

घरी येऊन त्याने चहा मागितला. उत्तर आलं नाही म्हणून तणतणत तो परसात गेला. जाळीच्या आत बुरुल कुशीवर पडली होती, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. एक तांबडी कोंबडी तिच्या कमरेवर उभी राहून निवांत पिसं साफ करत होती. सबंध आवारात तेवढीच एक जागा कोरडी होती.

"अहो, आधी दार लावा," बुरुल म्हणाली. "सगळ्या बाहेर पडतील."

मार्चचा पहिला आठवडा होता. चुय खोऱ्यात या दिवसांत डोंगरांवर अजून पांढरं असतं, पण खाली बर्फ विरघळायला लागतं आणि जिथे तिथे पाणी होतं. गल्लीतून चालताना माणसं भिंतीला धरून चालतात. त्यामुळे बुरुलचा खुबा मोडला हे ऐकून गावात कुणाला फार नवल वाटलं नाही. वर्षाला एक तरी मोडतोच.

शहरातल्या दवाखान्यात तिच्या हाडात सळई घातली. जुमादिल तीन दिवस तिथेच होता. एकतीस वर्षं त्याने ओशच्या घाटातून ट्रक हाकला होता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी एका जागी बसणं त्याला अजून जमलं नव्हतं. तो दवाखान्याच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राही, आणि त्याचे बूट करकरत. तिसऱ्या दिवशी त्याची मुलगी पेरिझात त्याला जिन्यात घेऊन गेली.

"बाबा, तुम्ही घरी जा."

"का? मी काय करतोय? चालतोय फक्त."

"तेच. बाजूच्या खाटेवरची म्हातारी मला विचारते, हा माणूस कुणाच्या मागावर आहे का म्हणून. आणि डॉक्टरांना तुम्ही सळई कुठल्या लोखंडाची ते चार वेळा विचारलंत."

"मग विचारायचं नाही? ट्रकला बोल्ट लावतानासुद्धा विचारतात."

"आई म्हणते, कोंबड्या उपाशी असतील," पेरिझात म्हणाली, आणि त्यावर मात्र तो टोपी घालून जिना उतरला.

घरी आल्यावर त्याने बुरुलचे रबरी बूट बाजूला सारून स्वतःचे घातले आणि दाण्याची बादली घेऊन आवाराचं दार उघडलं. याआधी आपण इथे आत कधी आलो होतो, ते त्याला आठवेना. कोंबड्या बुरुलच्या होत्या, ट्रक त्याचा होता. वाटणी सरळ होती. दुसऱ्याच पावलाला उजवा बूट चिखलात रुतून बसला आणि पाय नुसता मोज्यावर बाहेर आला. तो एका पायावर डुलत उभा असतानाच कोंबड्याने संधी साधली आणि त्याच्या पोटरीला टोचा मारला.

"हरामखोरा!" जुमादिल ओरडला. "तुझं सूप करतो, थांब!"

पण सूप कुणी करायचं? घरात तो एकटा होता.

तेवीस कोंबड्या होत्या. सगळ्यांच्या पायांना चिखलाचे गोळे चिकटून वाळले होते, जणू प्रत्येकीने जड बूट चढवले होते. एक करडी लंगडत होती. तिचा पाय धुऊन पाहिला तर तळव्याला वाटाण्याएवढं काळं गळू. अंडी हातात धरवत नव्हती इतकी बरबटलेली. या चिखलात बुरुल दीड तास पडून होती, हे त्याच्या डोक्यातून जाईना. ती आता घरी येईल ती कुबड्यांवर. कुबडी इथे टेकवली तर कोपरापर्यंत आत जाईल.

त्याने त्याच दिवशी ठरवलं की ती यायच्या आत हे आवार कोरडं करायचं. त्यात काय एवढं? घाटात बर्फावरून चाळीस टनांचा ट्रक नेलेला माणूस तो.

पहिल्या दिवशी त्याने कोठारातल्या गवताच्या सहा पेंढ्या आणून पसरल्या. कोंबड्या हरखल्या, त्यांनी उकरून उकरून गवत चिखलात असं कालवलं की दुसऱ्या दुपारी ते दिसेनासं झालं आणि आंबूस, डोळ्यांत झोंबणारा वास सुटला. मग त्याने चुलीतली राख आणि दारातली वाळूची रास ओतली. चिखलाने वाळू गिळली, ढेकरसुद्धा दिली नाही. तिसऱ्या दिवशी त्याने लाकडी फळ्या आडव्या टाकल्या. त्यावर शेवाळासारखा बुळबुळीत थर चढला आणि तो स्वतःच पाठीवर आपटला. पडल्या पडल्या त्याला आभाळ दिसत होतं आणि कोंबड्या मान वाकडी करून त्याच्याकडे पाहत होत्या. त्याने हाक मारून पाहिली. सहज, किती लांब ऐकू जाते ते बघायला. कुणी आलं नाही.

चौथ्या दिवशी तो हट्टाला पेटला. वरून टाकून उपयोग नाही, तर खालून काढायचं. कठीण जमीन लागेपर्यंत सगळा रेंदा खरवडून फेकायचा. कोंबड्यांना त्याने शेजारच्या रिकाम्या कोठारात कोंडलं, फावडं घेतलं आणि कोपऱ्यातून सुरुवात केली.

वर त्याचंच गवत लागलं. त्याच्याखाली सूर्यफुलाची दांडकी. ती काही त्याने टाकली नव्हती. त्याखाली विटा, एका ओळीत, उभ्या कडेवर नीट लावलेल्या, दारापासून खुराड्यापर्यंत. विटांची वाटच होती ती, वीतभर खाली बुडालेली. तिच्याखाली कोळशाची राख. मग जुन्या स्वयंपाकघरातलं लिनोलियम, निळ्या फुलांचं. मग कपाटाचं दार. पेरिझातने शाळेत असताना चिकटवलेलं चित्र अजून त्यावर अर्धं शिल्लक होतं. जुमादिल हळूहळू खणू लागला. फावड्याच्या प्रत्येक घावाला काही ना काही लागत होतं. अगदी तळाशी जाड रबराचा एक तुकडा निघाला. त्याने तो बादलीत धुतला आणि पाहतच राहिला. त्याच्या ट्रकमधलं पायपुसणं होतं ते. ते चोरल्याच्या संशयावरून तो गॅरेजच्या मिस्त्रीशी भांडला होता, आणि मिस्त्री मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नव्हता.

दर वसंतात एक थर. बुरुलने सांगितलं नव्हतं असं नाही. सांगायची ती. तो म्हणायचा, "अगं, चिखल आहे, वाळेल." आणि ट्रकच्या फेऱ्यांवरून मे महिन्यात तो परतायचा तेव्हा वाळलेला असायचाच.

तो खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला, तसं त्याच्या देखत तळातून पाणी झिरपू लागलं. अर्ध्या तासात खड्डा घोटाभर भरला. आभाळ तर निरभ्र होतं.

"वरून येत नाहीय ते, बाइके," कुंपणापलीकडून आवाज आला.

इसखार होता. जुमादिलला तो बाइके, म्हणजे दादा, म्हणायचा आणि बुरुलला एजे, म्हणजे ताई. त्याचा लसणाचा मळा जुमादिलच्या परसाला लागूनच होता. तो दुंगान होता, आणि पिढ्यान्पिढ्या मळे पिकवणारी ही माणसं पाण्याला जनावरासारखं ओळखतात, असं गावात म्हणत. इसखार बोलायचा कमी, आणि बोलायच्या आधी सूर्यफुलाच्या बियांची सालं थुंकायचा. आता तो कुंपणावर हात टेकून बराच वेळ पाहत होता असं दिसलं.

"मग कुठून येतंय?"

"येतंय तिथून येऊ दे. जातंय कुठे ते बघ." इसखारने हनुवटीने खूण केली. "इथून एक पाट जायचा. तुझ्या परसातून खाली माझ्या मळ्यात. आठवतो का?"

पाट जुमादिलला आठवत होता. आवाराला लागून सिमेंटचा मोठा चौथरा होता, ट्रक उभा करायला बांधलेला. अठरा वर्षांपूर्वी त्याने स्वतः दगडविटांचा राडारोडा टाकून पाट बुजवला होता आणि त्यावर हातभर जाड सिमेंट ओतलं होतं. गावात तसा चौथरा दुसऱ्या कुणाकडे नव्हता. ट्रक विकून चार वर्षं झाली होती, तरी तो रोज सकाळी चौथरा झाडायचा, आणि संध्याकाळी त्यावर खुर्ची टाकून बसायचा. फार वेळ नाही, पण बसायचा.

"तुझा मळा सुकला असेल तेव्हा," अखेर तो म्हणाला.

"मी दुसरीकडून पाणी घेतलं."

"मला बोलला नाहीस ते?"

"बोललो होतो. तू म्हणालास, सिमेंट ओलं आहे, पाय देऊ नकोस." इसखारने सालं थुंकली. "बुरुल एजेपण बोलली होती. मी इथेच उभा होतो."

"काय म्हणाली होती?"

"विचार तिला."

जुमादिलने तिला विचारलं नाही. तो घरात गेला, चहा ओतला, प्यायला नाही. मोठ्या फाटकापर्यंत गेला, परत आला. चौथऱ्याला एक फेरी मारली, मग दुसरी. एका बाजूला थोडी वाट काढून भागेल का ते पायाने मोजून पाहिलं. मग आवाराच्या वरच्या अंगाला चर खणून पाहिला. तो भरून पुन्हा आवारातच सांडला. दोन दिवस त्याने अशीच येरझार घातली. चौथऱ्याला हात लावायचा नाही आणि पाणी तर गेलं पाहिजे, असं काहीतरी तो शोधत होता, आणि तसं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पेरिझातचा फोन आला. "बाबा, आईशी बोला."

"अहो, ऐकलंत का," बुरुलचा आवाज बारीक झाला होता. "कोंबड्या विकून टाका. साकिनला मी सांगितलंय, ती येऊन घेऊन जाईल."

"कशाला? मी बघतोय ना."

"मला आता त्या चिखलात जायचं नाही. पुरे झालं."

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. बुरुल रागावली की शब्दाला शब्द देता येई. पण ती दळण टाकायला सांगावं तशी सांगत होती. फोन ठेवल्यावर तो पाच मिनिटं पडवीत उभा राहिला. मग कोठारात जाऊन त्याने घण आणि पहार बाहेर काढली.

पहिल्या घावाला चौथऱ्यावर नुसता पांढरा ठिपका उठला. सिमेंट चांगलंच होतं. त्याने स्वतः कालवलं होतं. दहा घावांनी एक टवका उडाला, तीसएक घावांनी त्याचा दम गेला. गल्लीतून जाणारी दोन माणसं फाटकात थांबली.

"जुमादिल, वेड लागलं का रे? बायको दवाखान्यात आणि तू घर पाडतोयस?"

"घर नाही पाडत. तुमचं काम बघा!"

थोड्या वेळाने इसखार आला. त्याने टोपी काढून कुंपणाच्या खांबावर अडकवली आणि पहार उचलली. एकाने घण घालायचा, दुसऱ्याने भेगेत पहार घालून ढेप उलटायची, असे दोघे चार दिवस राबले. पाटाच्या रुंदीएवढीच पट्टी फोडायची होती, पण ती वरपासून खालपर्यंत होती. जुमादिलच्या तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. चौथ्या दिवशी शेवटची ढेप उलटली आणि राडारोड्याखालून काळं, कुजकं पाणी उसळलं. आधी ते जागच्या जागी घुटमळलं. मग इसखारने फावड्याने मातीचा एक बांध फोडला, तसं ते वळलं आणि कुंपणाखालून मळ्याकडे निघालं.

"वास तर बघ," जुमादिल म्हणाला.

"लसणाला चालतो," इसखार म्हणाला.

पुढचं काम मग सरळ होतं, नुसतं कष्टाचं. इसखार सांगत गेला आणि जुमादिल करत गेला. चौथऱ्याच्याच ढेपा फोडून आवाराच्या तळाशी पसरल्या, पाटाकडे थोडा उतार ठेवून. त्यावर नदीतली खडी, खडीवर भरड वाळू, आणि सगळ्यात वर लाकूडकटाईच्या वखारीतून आणलेल्या सालींचे जाड तुकडे. "भुसा नको," इसखारने बजावलं, "त्याचा चिखलच होतो." खुराड्याच्या छपराचं पाणी थेट आवारात पडायचं, तिथे पत्र्याची पन्हळ लावून ते पाटात सोडलं. करड्या कोंबडीच्या पायाचं गळू कोमट मिठाच्या पाण्यात शेकून शेकून नरम झालं. सगळ्या कोंबड्या परत आवारात सोडल्या तेव्हा त्या दारातच घोटाळल्या. पाय उचलून उचलून, ही कुणाची जागा म्हणावी तशा चालू लागल्या.

आणि त्याच दिवशी साकिन आली, दोन पोती आणि एक करंडी घेऊन. गल्लीच्या टोकाला राहणारी ती बाई बाजारात कोंबड्या विकायची.

"कुठे आहेत? बुरुलने सगळ्या दिल्यात मला."

"नाही द्यायच्या," जुमादिल फाटकात आडवा उभा राहिला.

"अरे वा! कोंबड्या तुझ्या कधीपासून झाल्या?"

"रोग पडलाय त्यांच्यात."

"कुठला?"

जुमादिलला कोंबडीच्या एकाही रोगाचं नाव येत नव्हतं. "पायाचा," तो म्हणाला.

साकिनने त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. तेवीस कोंबड्या मजेत साली उकरत होत्या. "रोग कोंबड्यांना नाही, तुला झालाय," ती म्हणाली आणि करंडी उचलून गेली.

नवरोज झाल्यावर दोन दिवसांनी पेरिझात बुरुलला गाडीतून घेऊन आली. जुमादिलने फाटक उघडून ठेवलं होतं आणि सकाळपासून वीस वेळा गल्लीच्या तोंडाशी जाऊन आला होता. कुबड्यांवर वाकलेली बुरुल केवढीशी दिसत होती. ती अंगणात थांबली. फुटलेल्या चौथऱ्याकडे तिने पाहिलं, पाटातलं पाणी पाहिलं. मग परसातून कोंबड्यांचा आवाज आला.

"विकल्या नाहीत?"

"अगं, तू एकदा येऊन बघ तर. सगळं कोरडं केलंय. खाली खडी आहे, वर..."

"मी विका म्हटलं होतं."

"हो, पण..."

"तेव्हा मी नको म्हणत होते, तुम्ही पाट बुजवलात. आता मी विका म्हणते, तर तुम्ही ठेवल्यात." आवाज चढला नव्हता तिचा. "माझं कधी ऐकायचं तुम्ही, ते एकदा सांगा. तेवढा वेळ मी थांबते."

पेरिझातने गाडीतून पिशव्या काढायला उगीच वेळ लावला. जुमादिल हातातली टोपी फिरवत राहिला. दोन आठवडे त्याने मनात एक चित्र रंगवलं होतं: ती आवारात येईल, पायाने जमीन दाबून पाहील, आणि काहीतरी म्हणेल. काय म्हणेल ते त्याने बऱ्याच तऱ्हांनी म्हणवून घेतलं होतं. हे त्यात नव्हतं. आणि ती खरं बोलत होती.

"उद्या साकिनला बोलावतो," तो म्हणाला.

"बोलवा," म्हणून ती आत गेली.

पण साकिन बाजाराच्या कामाला दुसऱ्या गावी गेली होती आणि आठवडाभर येणार नव्हती. त्या आठवड्यात बुरुल परसाकडे फिरकली नाही. जुमादिल सकाळ-संध्याकाळ दाणा घाली, साली उलथी, अंडी आणून टेबलावर ठेवी. अंडी स्वच्छ होती. ती त्यातलं एक उचलून उजेडात धरे, परत ठेवून देई. तो पडवीत येरझारा घाली. "बसा हो कुठेतरी," ती म्हणे, "माझ्याच खुब्यात पाऊल वाजतंय असं वाटतं." तो बसे, पुन्हा उठे. बोलायला हवं हे त्याला कळत होतं, पण जे बोलायचं ते अठरा वर्षं जुनं होतं आणि त्याची सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हतं. एकदा त्याने धीर करून म्हटलं, "ते पायपुसणं सापडलं." बुरुलने विणकामातून मान वर केली नाही. "मीच टाकलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही त्या बिचाऱ्या मिस्त्रीला शिव्या घालत होतात, तेव्हा मला सांगायचं होतं. मग म्हटलं, शोधू देत. शोधत शोधत तरी आवारात येतील."

पाचव्या दिवशी पाऊस लागला. दोन दिवस तो थांबेना. गल्लीत चाकांच्या खाचा तुडुंब भरल्या. तिसऱ्या सकाळी उघडीप झाली. जुमादिल पाव आणायला गेला होता, परत आला तो घरात बुरुल नव्हती. एक कुबडी पलंगाला टेकलेली, दुसरी गायब. पाव टेबलावर फेकून तो धावला, हाका मारत, अनवाणीच.

ती आवाराच्या मधोमध उभी होती, घरातल्या कापडी चपला घालून. कोंबड्यांचा घोळका तिच्याभोवती होता आणि ती कुबडीच्या टोकाने जमीन ठिकठिकाणी दाबून पाहत होती. पन्हळीतून अजून थेंब गळत होते, पाट भरून चालला होता. जुमादिल दारातच थांबला. आत जावं की नाही ते त्याला ठरवता येईना.

"किती हात खोल आहे खडी?"

"वीतभर. कुठे कुठे जास्त."

"त्या तिथे पाणी थांबतंय," तिने कुबडीने कोपरा दाखवला. "उतार उलटा झालाय तुमचा."

त्याने वाकून पाहिलं. खरंच, ताटलीएवढं एक डबकं होतं. "आत्ता करतो."

"आत्ता नको, पाय धुऊन या आधी." ती खुराड्याला टेकली, उभं राहून दमली होती. "बारा ठेवू. अकरा साकिनला देऊन टाकू. बाराच्या वर मला होणार नाही."

"दाणा मी घालीन."

"साफसफाईपण तुम्हीच. मी नुसतं सांगणार." तिने कुबडी नीट टेकवली. "आणि मी सांगेन ते ऐकायचं. त्याच वेळी."

"ऐकीन."

"बघू," बुरुल म्हणाली आणि एक हात पुढे केला. तिला आधार देऊन तो दारापर्यंत आला. त्याची पावलं सालींवरून जपून पडत होती आणि तिची त्याहूनही जपून. कोंबडा त्यांच्या मागे मागे आला, पण टोचला नाही. दाराशी बुरुल पुन्हा थांबली आणि म्हणाली, करडीला आणि त्या तांबडीला मात्र साकिनच्या पोत्यात घालायचं नाही, बाकी कुठल्या द्यायच्या ते ती स्वतः निवडणार. जुमादिलने मान हलवली. मग त्याने तिला पडवीतल्या खुर्चीवर बसवलं, पाय धुतले, आणि फावडं आणायला गेला.